जांभळट डबा

एकदा एका गृहस्थाच्या डोक्यात आगगाडीचे डबे शिरले. खरे नव्हेत, वीतभर लांबीचे. खऱ्या प्रवासी डब्यांची हुबेहूब प्रतिकृती असलेले. एकदा शिरले ते मग बाहेर निघाले नाहीत. या गृहस्थाचं नाव विद्याधर. बँकेतली नोकरी, पन्नाशीचं वय, आणि दिवाणखान्यात काचेचं एक लांबलचक कपाट. त्यात निळ्या डब्यांची आख्खी गाडी उभी असे.

ही विद्या त्याने अण्णा खांबेट्यांकडून घेतली होती. अण्णा ऐंशीला टेकलेले. उभा जन्म त्यांनी असल्या लहान गाड्या बनवण्यात आणि रंगवण्यात घालवला. डब्याचा रंग दिव्याखाली पाहू नये, दिवसाउजेडी पाहावा, आणि एकटा न पाहता दुसऱ्याच्या शेजारी ठेवून पाहावा, हे त्यांनीच शिकवलं. शिष्य मात्र गुरूच्या चार पावलं पुढे गेला. कोणत्या डब्याला नको तेवढी तकाकी आहे, कोणाचा निळा किंचित हिरव्याकडे झुकतो, हे विद्याधर उभ्या उभ्या सांगे. न जुळणारा डबा तो गाडीत ठेवत नसे. त्याला त्या नजरेचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही होता.

घरात वडील होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मुलाच्या या खेळाचं फार अप्रूप. ते कपाटाशी येऊन उभे राहिले की विद्याधर म्हणे, "बाबा, हात नका लावू. मॅट रंगावर बोटं उमटतात." मग ते हात मागे बांधून बघत राहत.

एके वर्षी मुलाच्या वाढदिवसाला बाबांनी काय करावं? दुकानातून एक कोरा डबा आणला, रंगाच्या बाटल्या आणल्या, आणि कपाटाच्या काचेला नाक लावून रंग जुळवत खोलीत बसले. पाच-सहा दिवस त्यांना दुसरं काही सुचलं नाही. वाढदिवशी डबा रुमालात गुंडाळून त्यांनी मुलापुढे धरला. विद्याधरने तो खिडकीपाशी नेला, आपल्या एका डब्याशेजारी ठेवला आणि हसला.

"बाबा, हा निळा नाहीच हो. चांगला जांभळट आहे. गाडीत लावला तर भलताच उठून दिसेल."

बाबांनी डबा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला तर सारखाच दिसतोय रे," ते म्हणाले.

"राहू दे. पुढच्या वेळी मी मदत करतो तुम्हाला," असं म्हणून विद्याधरने डबा खालच्या खणात ठेवून दिला. पुढची वेळ काही आली नाही. बाबांनी पुन्हा ब्रश हातात धरला नाही, आणि वर्षाच्या आत हृदयविकाराने ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी विद्याधरने तो खण उघडला आणि त्याला भडभडून आलं. डबा घेऊन तो तडक अण्णांकडे गेला. शेजारी ठेवायला गाडीतला एक डबाही त्याने बरोबर घेतला होता.

"अण्णा, बाबांचा डबा गाडीत जोडायचाय," तो म्हणाला. "तेवढा यावरचा रंग खरवडून काढा आणि बाकीच्यांसारखा निळा द्या. एवढं तरी त्यांच्यासाठी करू दे मला."

अण्णांनी दोन्ही डबे अंगणातल्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवले. उजवा डोळा हाताने झाकला आणि म्हणाले, "दोन्ही एकाच रंगाचे आहेत." मग डावा झाकला आणि म्हणाले, "छे, अजिबात जुळत नाहीत." असं त्यांनी पुन्हा एकदा केलं. विद्याधरला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय.

"अण्णा, थट्टेची वेळ आहे का ही?"

"थट्टा नाही रे. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला गेल्या महिन्यात. डाव्याचा अजून तसाच आहे." अण्णा आत गेले आणि त्यांना भेटायला आलेल्या कोणीतरी आणलेल्या फळांच्या टोपलीवरचा पिवळा जिलेटीन कागद घेऊन आले. त्याच्या तीन-चार घड्या केल्या. "हा डोळ्यांपुढे धर आणि बघ."

विद्याधरने कागद डोळ्यांपुढे धरला. दोन्ही डबे एकसारखे दिसले. जांभळट छटा कुठल्या कुठे गेली होती.

"तुझ्या बाबांनी रंग अचूक जुळवला होता," अण्णा म्हणाले. "त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू असणार. त्यांना जो निळा दिसत होता, तोच त्यांनी दिला. मोतीबिंदू पिकत जातो तशी सगळ्यावर पिवळी साय धरते, आणि ज्याला धरते त्याला ते कळतही नाही. तुझी नजर तेज आहे, विद्याधर. रंगातला केसाएवढा फरक तुला कळतो. पण त्या दिवशी तू दोन डबे पाहिलेस आणि ज्याने त्यातला एक रंगवला त्याच्याकडे पाहायचं राहिलं. ही चूक माझीही आहे. डबे शेजारी ठेवून पाहायला मीच तुला शिकवलं, माणसाबद्दल काही शिकवलं नाही."

विद्याधरला आठवलं, शेवटी शेवटी बाबांचा चहा बशीत सांडायचा. दिव्याभोवती कडं दिसतं, असंही ते एकदा म्हणाले होते. वय झालं, म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं.

"डबा जुळला होता, हे आता कोणाला सांगू, अण्णा?" तो म्हणाला.

अण्णांनी बाबांचा डबा हातात घेतला आणि विचारलं, "रंग खरवडायचा का?"

"नको."

"मग एक कर. शुक्रवारी माझा डावा डोळा करायचाय. त्याआधी तो डबा जोडून गाडी मला दाखव. तुझ्या बाबांसारखं बघणारा हा एकच डोळा उरलाय, तोही जाईल."

गुरुवारी दुपारी अण्णा आले. विद्याधरने कपाटातली सगळी गाडी जमिनीवरच्या रुळांवर मांडली होती. बाबांचा डबा मधोमध जोडला होता. गाडी सुरू झाली. अण्णांनी उजवा डोळा झाकला आणि ती दोनदा फिरून येईपर्यंत बघत राहिले.

"जुळलाय," ते म्हणाले. "अगदी छान जुळलाय."

विद्याधरला तो डबा स्वच्छ जांभळा दिसत होता. "हो," तो म्हणाला, "जुळलाय." हे दोन शब्द वाढदिवशी त्याच्या तोंडून निघाले असते, तर ऐकायला बाबा समोर उभे होते.

आपल्या घरातलं वडीलधारं माणूस काही चुकलेलं करून आपल्यापुढे धरील, तेव्हा चूक दाखवण्याआधी त्याला जवळ बसवून एवढंच विचारावं, की तुम्हाला हे कसं दिसतंय.