औषधाचं जास्तीचं माप

खाणीच्या एका गावात कोंडाबाईचं कुणी खरं मानलं नाही. "लोखंड मी सांडत नाही, ते खाली बसतच नाही," असं ती घसा फोडून सांगत होती. सगळे म्हणाले, बाई तोंडाळ आहे, कामात कुचराई करते.

तिचं काम साधं. टाकीत खनिजाची भुकटी आणि पाणी घुसळलं, की वाळू फेसाला चिकटून वर येई. फेस फावडीने काढायचा, लोखंड तळाशी राही. पण भुकटीच्या कणाकणाला चिखल लपेटलेला असे. तो सुटावा म्हणून आधी एक माप औषध ओतत. ओतणारे गडी चौघे. त्यातला एक तिचा नवरा.

हल्ली फेस लालभडक येऊ लागला, म्हणजे लोखंडही फेसाबरोबर वाहून जात होतं. मालक म्हणाले, "कोंडाबाई, उद्यापासून घरी बसा."

"बसते. आधी हे बघा." तिने लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या आणल्या. तिन्हींत सारखी भुकटी, सारखं पाणी. पहिलीत औषध नाही, दुसरीत बेताचं, तिसरीत तिप्पट. बरण्या हलवून ती तिथेच भाकरी खायला बसली.

भाकरी संपली. पहिलीत चिखल आणि लोखंड एकमेकांना धरून गोळा झालं होतं. दुसरीत लोखंड तळाशी, चिखल वर. तिसरी मात्र गळ्यापर्यंत लाल. कणांनी एकमेकांना इतकं सोडलं होतं, की लोखंडही खाली बसेना.

"टाकीची अशीच गत झालीय," मालक म्हणाले. "जास्तीचं कोणी ओतलं? नाव सांगा, तुमचं काम राहील."

कोंडाबाईने ओतणाऱ्याला पाहिलं होतं. पण लग्नाला तीस वर्षं झाली, ते नाव तिने ओठावर आणलं नव्हतं.

"उखाण्यात घ्या की!" बायका खिदळल्या.

"सटव्यांनो, इथे माझी भाकरी जातेय!"

तेवढ्यात नवराच पुढे आला. "मीच ओतलं, मालक. फेस काढून हिचं मनगट सुजतं. म्हटलं, जास्त घातलं तर काम लवकर उरकेल."

"मनगटाची एवढी काळजी, तर घरी भाकऱ्या थापायच्या!" कोंडाबाई कडाडली. मग डोळे पुसत पुटपुटली, "फेस उडालाय मेला."

मालकांनी तिचं काम ठेवलं. नवऱ्याच्या हाती महिनाभर फावडी दिली.

तात्पर्य: मायेपोटी केलं तरी माप सोडू नये, आणि चूक झालीच, तर दुसऱ्याच्या माथी न मारता पुढे होऊन आपलं नाव आपणच सांगावं. कोंडाबाईने ओठावर न आणलेलं ते नाव होतं गेनू.