मुका शंख

"पण सापडला कुठे, ते तरी सांगा ना!"

शाल्मलीनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद मांडीवरच्या, सतारीसाठी आणलेल्या भोपळ्याची धूळ पुसत राहिले. मिरजेच्या त्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं सतारी घडवल्या होत्या. पुढं हात कापायला लागले, सतारीच्या दांडीवर पडदे बांधणं सुटलं. मुलीनं दुकानात एक संगणक आणून ठेवला आणि उस्तादांना 'अथांग' नावाच्या खेळाचा नाद लागला.

त्या खेळाला शेवट नाही. डोंगर, गुहा, समुद्र... हवं तिकडं जावं, हवं ते खणावं, हवं ते बांधावं. त्या अफाट मुलखात सत्त्याण्णव दुर्मिळ वस्तू दडवलेल्या आहेत.

शाल्मली खटावकरकडे त्यांतल्या शहाण्णव होत्या. पाच वर्षांत एकटीनं शोधलेल्या. चाळीस हजार माणसं तिची भटकंती आपापल्या फोनवर बघायची. एवढ्या वस्तू दुसऱ्या कुणाकडेच नव्हत्या, आणि हे ती विसरत नसे.

राहिला होता फक्त मुका शंख. तो मिरजेच्या उस्तादांकडे आहे, असं खेळणारे सगळे सांगत. म्हणून ती पुण्याहून आली होती.

"तुमच्याकडे एकूण किती वस्तू आहेत, उस्ताद?"

"बारा."

"बाराच?"

तिला हसू लपवता आलं नाही. उस्तादांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"बाराच. तुझ्या दाखव की."

तिनं लॅपटॉप उघडला. समुद्राकाठच्या कड्यावर तिनं पांढऱ्या दगडाचा महाल बांधला होता. प्रत्येक वस्तूला वेगळा कोनाडा.

"हे चांदकमळ. दक्षिणेच्या दलदलीत सलग अकरा दिवस पाऊस पडला, तरच उगवतं. अकरा दिवस मी तिथून हलले नाही."

"आणि हे लाल?"

"अग्निपीस. ज्वालामुखीच्या पोटात उतरावं लागतं. सात वेळा जळून मेले."

"आठव्यांदा?"

"आठव्यांदा घेऊनच वर आले."

उस्तादांनी मान डोलावली. एखाद्या चांगल्या तानेला डोलवावी तशी.

"वाट कुणाला विचारलीस?"

"कुणालाच नाही!"

"मग आज?"

शाल्मलीनं महालातल्या शेवटच्या, रिकाम्या कोनाड्यावर बोट ठेवलं.

"दोन वर्षं झाली, उस्ताद. सगळा मुलूख खणून झाला. येत्या रविवारी शंख दाखवते, असं लोकांना सांगून बसलेय."

उस्तादांनी भोपळा बाजूला ठेवला आणि आपला संगणक सुरू केला.

"ये माझ्या मुलखात."

तिच्या पडद्यावर एक तळं आलं, काठाला एक बुटकं घर. घराच्या दारात उस्तादांचा खेळातला म्हातारा उभा होता, समोर तिची लाल झग्यातली वाटसरू.

उस्तादांचं कापरं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नेमकं कळीवर पडलं, आणि दोघांच्या मधल्या गवतावर एक करडा शंख येऊन पडला.

"घे."

"म्हणजे?"

"उचल. तुझा झाला."

"आणि तुमचा?"

"माझ्याकडे अकरा राहतील."

एक कळ दाबायची होती. वस्तू शोधली की कुणी दिली, हे तो खेळ विचारत नाही. कुणाला कधी कळलंही नसतं.

शाल्मलीचं बोट कळीवर गेलं. शेजारच्या दुकानात कुणी तार जुळवत होतं. तार चढत गेली, चढत गेली...

तिनं बोट काढून घेतलं.

"नको."

"का गं? रविवार जवळ आलाय."

"त्या शहाण्णव माझ्या आहेत, उस्ताद. मी मेले, भिजले, रडले, पण त्या माझ्या आहेत. हा त्यांच्यात नेऊन ठेवला आणि कुणी विचारलं, कुठे सापडला, तर काय सांगू?"

"सांग, मिरजेत."

"नाही. सापडेल तेव्हा ठेवीन. नाहीच सापडला तर कोनाडा रिकामा राहील. रविवारी लोकांना रिकामा कोनाडा दाखवीन."

तिचे डोळे भरले होते. मान मात्र ताठ होती.



उस्ताद गुडघ्यावर हात रोवून उठले. ते बसले होते ती गादी त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिच्यावर बसूनच त्यांनी सगळ्या सतारी घडवल्या होत्या. तिथं त्यांनी कधी कुणाला टेकूही दिलं नव्हतं.

"इथं बस."

"अहो उस्ताद, हे काय भलतंच!"

"बस म्हणतो ना."

ती अवघडून गादीच्या कडेला टेकली. उस्ताद समोर जमिनीवर बसले, गिऱ्हाईक बसतं तिथं. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जणू आठव्यांदा ज्वालामुखीतून तेच वर आले होते.

 शाल्मलीनं हळूच विचारलं,

"तुम्हाला किती दिवस लागले हो, हा शोधायला?"

शंख अजून गवतावर पडलेला होता. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मला एकानं असाच पुढं ठेवला होता, बेटी... मी उचलला."