निवेदन वाचून दाखव

“आणि तू काय म्हणालास?”

द्वारकाबाईंनी आवाज चढवला नव्हता. चाळीस वर्षं फौजदारी वकिली केलेली बाई. भलेभले साक्षीदार त्यांच्यापुढे पाणी मागत.

समोर निनाद हुपरे. वादविवाद स्पर्धांच्या सगळ्या ढाली त्याच्याच. विधी महाविद्यालयाच्या अर्जाला ‘मला वकील का व्हायचंय’ हे निवेदन जोडायचं होतं. मुदत पाच वाजेपर्यंत, आणि सव्वाचार होऊन गेले होते. ते दाखवून फक्त शाबासकी घ्यायला तो बाईंच्या कचेरीत आला होता.

“लिहिलंय ना, बाई. वसतिगृहात मोबाइल चोरीला गेला. पोळ्या करणाऱ्या शेवंतामावशींवर आळ आला. मी त्यांची बाजू घेतली.”

“वॉर्डनसमोर?”

“हो.”

“काय बोललास? शब्द सांग.”

“आता नेमके शब्द...”

“नेमकेच.”

निनादनं घड्याळाकडे पाहिलं.

“मोबाइल कुणी घेतला, हे तुला ठाऊक होतं?”

“हो. माझ्याच खोलीतल्या मित्रानं.”

“आणि तू?”

“गप्प बसलो.”

“मावशी?”

“त्यांना दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं.”

बाई उठल्या. निनादला त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः पक्षकारांच्या बाकड्यावर जाऊन टेकल्या. पदर सावरला. हात मांडीवर ठेवले.

“मी शेवंता. मला वाचता येत नाही. माझ्याबद्दल काय लिहिलंयस, ते वाचून दाखव.”

निनादनं कागद उचलला. पहिली ओळ वाचली. दुसरीला अडखळला. तिसरी काही केल्या तोंडातून निघेना.

“बाई... खरं लिहिलं तर मला घेतील का?”

बाकड्यावरची बाई नुसती बघत राहिली.

“मावशी नदीपलीकडं राहतात,” तो म्हणाला. “जाऊन यायला तास लागेल. अर्ज बंद होईल.”

मग तो उठला. कागद टेबलावर तसाच राहिला. त्यानं चपला घातल्या. उंबऱ्याशी तो वळला.

“आणि त्यांनी दारच उघडलं नाही तर?”

“तर थांब तिथंच,” बाई म्हणाल्या. “प्रवेश तिथूनच आहे.”