सगुणाकाकूचं विरजण

एक होता राजा. राजा कसला, नुसती भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ. सकाळचं पागोटं दुपारी नको, दुपारचं सिंहासन संध्याकाळी नको. नाव चंचलसेन, आणि नावाला जागला हो मेला.

मग एकदा काय झालं, एका जादूगारानं त्याला शंख दिला. राजानं तो फुंकला, तर नगरातली सगळी घरं गुरांसारखी उठली आणि चालायला लागली. ह्या आळीतलं त्या आळीत, देवळाजवळचं ओढ्याजवळ. पहिल्यांदा लोक हसले. मग पाणी भरून बाया परत येतात, तर घरच जागेवर नाही. पोरं शेजारी जेवायची, आणि शेजारीही रोज नवे. कोणाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. राजा म्हणे, माझं राज्य बघा कसं पुढे चाललंय. पुढे कुठलं, गोल गोल फिरत होतं.

आणि बरं का, मोठाच घोळ झाला. दही लागेना. भांडं हललं की दही मोडतं, आणि इथे तर घरच चालतंय. विरजण मागायला शेजारी जावं, तर शेजारणीचंही मोडलेलं. होता होता साऱ्या राज्यात चमचाभर विरजण उरलं, तेही सगुणाकाकू गवळणीकडे. ते गेलं की संपलं. मग दही नाही, ताक नाही, लोणी नाही. निमे, तू ओरपतेस ना, ती कढीसुद्धा नाही.

सगुणाकाकूनं ते विरजण कोमट दुधात घातलं, मडकं मांडीवर घेतलं आणि उंबऱ्यात बसली. म्हणाली, "दही लागल्याशिवाय मी हलत नाही, आणि माझं घरही हलत नाही."

मग शंख वाजला. घर कुरकुरत उठायला लागलं. काकूनं भिंतीवर हात ठेवला. "बस बाळा, बस." घर बसलं.

मग राजानं हत्ती पाठवले. घराला दोरखंड बांधले, ओढले. दोरखंड तुटले, हत्ती दमले, घर तसंच. आजूबाजूची घरं धावत होती, धुरळा उडत होता. लोक म्हणाले, "अगं चल ना, सगळे चाललेत."

"जाऊ देत. मला दही लावायचंय."

मग राजा स्वतःच आला. लालबुंद. दारात उभं राहून त्यानं असा शंख फुंकला की पलीकडचा डोंगरही उठून उभा राहिला. काकूला भीती वाटली का? वाटली की, चांगली वाटली. पण तिनं डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला आणि मांडीवरचं मडकं तेवढं सांभाळलं. जग हलू दे, मांडी हलू द्यायची नाही. घर जागचं हललं नाही.

राजा ओरडला, "बाई, तू माझ्या उत्साहावर विरजण घालतेस!"

काकूनं डोळे उघडले. "घालते. कोणीतरी घालायलाच हवं होतं. नुसतं उकळत राहिलेलं दूध उतू जातं, महाराज. विरजण पडलं तर दही होतं. बसा इथे."

राजाला 'बसा' असं आजवर कोणी म्हटलंच नव्हतं. सगळे आपले 'चला महाराज, चला महाराज.' तो बसला. गुडघा मात्र हलतच होता मेल्याचा. काकूनं त्यावर हात ठेवला. हळूहळू गुडघा थांबला. मग दोघं मडक्याकडे बघत बसून राहिली. किती वेळ ते विचारू नका. दही लागायला लागतो तेवढा.

दही लागलं, घट्ट, कवडीसारखं. काकूनं राजाला वाटीभर दिलं. त्यानं एक घास खाल्ला आणि रडायलाच लागला. "काकू, मी फार दमलोय गं."

"माहीत आहे मला. खा."

मग बाया वाट्या घेऊन आल्या. काकूनं सगळ्यांना विरजण दिलं. राजानं भीत भीत विचारलं, "म्हणजे शंख आता कधीच वाजवायचा नाही?"

"वाजवा की. घरांनी काय जन्मभर बसून राहायचं? पण आधी विचारायचं, दही लागलं का."

तेव्हापासून त्या राज्यात सगळी सुखानं नांदतात बरं का. घरं अजून चालतात. पण आधी राजा दारोदार जाऊन विचारतो, आणि एखादी म्हणाली, "नाही लागलं अजून," की तिच्या उंबऱ्यात गुपचूप बसून राहतो.

झोपा आता. आणि परत 'मग?' म्हणालात तर याद राखा.