नांदखिंडीचा लवाजमा

नांदखिंडीच्या देवीची पालखी डोंगर चढते, तेव्हा पुढे ना अब्दागिरी, ना चवऱ्या. पुढे असतात दोर, पाण्याच्या घागरी आणि ओल्या घोंगड्या घेतलेली माणसं. नवखे पाहुणे विचारतात, "लवाजमा कुठाय?" गुरव त्या दोरांकडे बोट दाखवतो आणि सांगू लागतो.

फार मागे हैबतराव देशमुखांची लेक मरणाच्या दारातून परतली. त्यांचा नवस होता म्हणे, की पंचक्रोशीनं पाहिला नसेल अशा लवाजम्यानं देवीला वर नेईन. जरीचे पडदे, रेशमी निशाणं, भरदिवसा पेटत्या मशाली. दिवस चैत्राचे, गवत वाळून खडखडीत झालेलं. हैबतरावांची थोरली बहीण गोजराक्का सकाळपासून बेचैन होती. वारा फिरला की ती थबकून मागे बघे.

"हैबत, मशाली तरी विझव. उन्हात कुणाला दिसतात?"

"देवीचा थाट आहे तो, आक्का."

माथा जवळ आला आणि मागच्या मशालीची ठिणगी गवतात उडाली. आग पायवाट गिळत वर येऊ लागली. माणसं कड्याच्या टोकाशी सरकली. खाली उघड्या कातळाचा टप्पा होता, पण उतरायला दोर कुणाकडेच नव्हता. गोजराक्कानं पालखीचा पडदा ओढला. हैबतरावांनी तिचं मनगट धरलं.

"आक्का, देवीचा लवाजमा आहे हा."

"लवाजमा म्हणजे लागेल ते. फारसी जाणणाऱ्या आपल्या कारभाऱ्यांनीच सांगितलंय मला. आत्ता हे लागतंय."

त्यांनी हात सोडला. मग स्वतःच निशाणांना सुरी लावली. पालखीचा दांडा दोन धोंड्यांत अडकवून त्याला पीळ दिलेलं कापड बांधलं. बायका उतरल्या, भोई उतरले. देवीचा मुखवटा पदरात बांधून आक्काही उतरली. हैबतराव शेवटी राहिले. तोवर गाठी जळू लागल्या होत्या. निम्म्यावर कापड तुटलं. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

पुढच्या वर्षी पालखी निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. हैबतराव लंगडत देवळाशी आले. खांद्यावर काथ्याच्या दोराचं वेटोळं होतं. आक्काला म्हणाले, "लवाजमा आणलाय."

आजही त्या कड्यावरून दोर सोडतात. देशमुखांच्या घरातलं माणूस सर्वांत शेवटी उतरतं. त्याचे पाय कातळाला लागेपर्यंत कुणी वाद्याला हात लावत नाही. खालच्या बाया नुसत्या वाऱ्याचा अंदाज घेत उभ्या असतात.