वानरीच्या कानांतली माती

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक वानरी आपल्या तान्ह्या पिल्लासह राहत असे. स्वभावाने अगदी गरीब; पण मुलांनो, कुणी काही बोललं की लगेच मनाला लावून घ्यायची. एके सकाळी पोपट तिला म्हणाला, "काय गं ते तुझे कान! नुसत्या वळ्या नि खळगे. माझं डोकं बघ कसं गुळगुळीत!" झालं! वानरी तडक ओढ्यावर गेली आणि ओल्या चिकणमातीने तिने कानांची एकेक वळी लिंपून टाकली. भोकं तेवढी मोकळी ठेवली. पाण्यात रूप पाहून स्वारी खूश! "ऐकू तर सगळं येतंय, मग बिघडलं काय?" असं म्हणत ती कोवळा पाला खायला निघून गेली.

ती खाण्यात गुंगलेली असताना पिल्लू खेळता खेळता दूर गेलं. एकाएकी त्याची किंकाळी आली, "आई गं! फांदी मोडतेय!" वानरीने हातातला पाला टाकला. आवाज चांगला ऐकू येत होता. पण वरून की खालून, काही केल्या कळेना. खालूनच असेल, असं वाटून ती ओढ्याकडे धावली. झुडपं चाळली, दगडांमागे पाहिलं. पिल्लू कुठेच नाही. "अगं बाई, माझं बाळ कुठं गेलं?" ती अगदी रडकुंडीला आली.

काठावर एक म्हातारं कासव ऊन खात बसलं होतं. ते म्हणालं, "पोरी, आधी कान धू. आवाज त्या वळ्यांवर आपटत आत जातो, म्हणून तो वरचा की खालचा हे कळतं. तू त्याच बुजवल्यास. सकाळीच सांगणार होतो, पण मी तोंड उघडेपर्यंत तू पसार!"

"अहो आजोबा, कान धुवत बसले आणि तेवढ्यात ते पडलं तर?"

"न धुता शोधत राहिलीस तर नक्कीच पडेल. मला कानाच्या पाळ्या नाहीत गं, म्हणून त्यांची किंमत मला ठाऊक."

वानरीने पाण्यात डोकं खुपसलं आणि खसाखसा कान चोळले. तेवढ्यात पुन्हा हाक आली, "आई!"

"वर! उंबराच्या शेंड्यावर!" असं ओरडत वानरी काठावरच्या उंबरावर सरसर चढली. कडकन फांदी मोडली; पण त्याआधीच तिने पिल्लाला छातीशी ओढलं होतं. हुश्श! तिला हसू येत होतं आणि डोळ्यांचं पाणीही थांबत नव्हतं.

"आई, इतका उशीर का केलास?" पिल्लाने मुसमुसत विचारलं.

"काय सांगू राजा," ती त्याला कुरवाळत म्हणाली, "तुझ्या आईचे कान जरा नटायला गेले होते."

तात्पर्य : शरीराची जी ठेवण आपल्या कामाची आहे, ती कुणी हसलं म्हणून बुजवू नये.