रिकामी बरणी

"मग ही गाडी मला का नाही?"

भरतेशनं विचारलं आणि हातातलं फडकं बाकावर आपटलं.

दस्तगीरचाचा उकिडवे बसून काचेच्या तुकड्यानं बांबूची कामटी तासत होते. डॅशबोर्डाला त्यांनी कधी लोखंड लावलं नाही. पट्टी उचकटायची ती कामटीनं आणि बोटांनीच. ते तासत राहिले.

मिरजेच्या त्या गॅरेजात एक रीत होती. डॅशबोर्ड खोलताना ज्याच्या हातून पट्टी धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटेल, त्यानं ती आपल्या नावाच्या बरणीत टाकायची. चाचांच्या तीन बरण्या गच्च भरल्या होत्या. भरतेश डिप्लोमा करून आलेला; अकरा महिने झाले, तरी त्याची बरणी स्वच्छ रिकामी. आणि शिकवणार कोण, तर चाचा! संताप येणार नाही तर काय?

गाडीही साधी नव्हती. पन्नास वर्षांची, मालकीणबाईंनी जिवापाड जपलेली. तिचा वेगाचा काटा शून्यावर अडकला होता. मीटर बाहेर काढायचं, तर वरची लांब पट्टी अखंड सुटायला हवी होती. तशी पट्टी आता कुठल्याच बाजारात मिळत नाही. अशी गाडी या दारात पुन्हा येणार नव्हती. आज हिला हात लावायला मिळाला नाही, तर उद्यापासून शोरूमची नोकरी धरणार, असं भरतेशनं तोंडावर सांगून टाकलं.

"तुझ्या हातनं काहीच तुटलं नाही?" चाचांनी विचारलं.

"बरणी बघा की."

"दिवाळीत त्या निळ्या गाडीच्या दोन गेल्या..."

त्या काय त्याच्या चुकीनं गेल्या? प्लॅस्टिक उन्हानं वाळून कडक झालं होतं. गणपतीत एक तुटली, ती आधीच्या मिस्त्रीनं गोंदानं चिकटवून ठेवली होती. दुसऱ्याचं पाप आपल्या बरणीत का म्हणून टाकायचं? भरतेशनं हे सगळं कडाकडा ऐकवलं.

चाचांनी कामटीचं टोक बोटावर घासून पाहिलं आणि पुन्हा तासायला घेतलं.

त्या तासण्यानं भरतेशचं डोकं आणखीच फिरलं. राहू द्या तुमची गाडी, असं म्हणत त्यानं अंगातला कामाचा डगला हिसडा देऊन ओढला. वरचं बटण तटकन निघालं आणि गाडीखाली घरंगळत गेलं.

चाचांनी गुडघे टेकून ते शोधलं. फुंकर मारून धूळ उडवली.

"शिंप्यानं दोराच कच्चा घातलाय," भरतेश म्हणाला.

चाचांनी फळीवरून त्याची बरणी काढली. झाकण फिरवलं. एका हातात बरणी, दुसऱ्या तळव्यावर बटण, असं दोन्ही त्याच्यापुढे धरून ते उभे राहिले.

भरतेशनं बटणाकडे पाहिलं. दोरा जागच्या जागी होता, पक्का. त्याच्याबरोबर डगल्याच्या कापडाचा तुकडाच उपटून आला होता. त्याचे कान तापले.



"मी ओढलं," तो म्हणाला. आवाजात राग अजून होताच.

त्यानं बटण उचललं आणि बरणीत टाकलं. मग थोडं थांबून म्हणाला, "त्या तिन्ही क्लिपा पण मीच तोडल्या."

चाचांनी झाकण लावलं, बरणी फळीवर ठेवली आणि तासलेली कामटी त्याच्या हातात दिली.

"बस आत. गाडी खोल."